पेटी विकू नकोस

चि. मंदा,


काल फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, पेटी विकून टाकतेय, मान आता साथ देत नाही,’ आणि नळाला पाणी आलं म्हणून फोन ठेवूनही दिलास. मला रात्री झोप लागली नाही. आप्पांची पेटी विकून टाकतेस? गळ्यात दिवसभर पट्टा असतो, पोळ्या लाटतानासुद्धा, हेही मला आपल्या भाच्याकडून, नंदूकडून कळतं. तू सांगत नाहीस, कारण मी रागावेन हे तुला ठाऊक आहे. तर मी रागावलेली आहे.

एमआरआय बघून कुणीतरी ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणालं आणि तू तो रिपोर्ट शेजारणीपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना दाखवत सुटलीस. अगं, साठी उलटली तुझी. जपानमध्ये मानेची काही तक्रार नसलेल्या 1211 माणसांचे एमआरआय काढले होते. 2015 साली ते प्रसिद्ध झालं. त्यात 87.6 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या, विशीतल्या बहुतेक पोरांच्यासुद्धा. ही माणसं हिंडत-फिरत होती, त्यांनी काही विकायला काढलं नव्हतं.

तुझं डोकं दुखतं त्याला तू अर्धशिशी म्हणतेस. पण ते नेहमी उजवीकडूनच, मानेच्या मुळापासून चढतं, डोळ्यामागे येऊन बसतं आणि मान वळवली की वाढतं. याचं मूळ मला मानेतच दिसतंय. मानेच्या वरच्या तीन नसा आणि कपाळाची-डोळ्याची नस मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात. वाड्यात शेजारच्या काळ्यांचं दार वाजलं तरी आपण ‘कोण?’ म्हणत आपल्याच दाराकडे धावायचो, तशी मेंदूची गफलत होते. दुखतो मानेचा सांधा आणि कळ डोळ्यामागे. नॉर्वेच्या ओत्तार शोस्ताद यांनी 1983 मध्ये या दुखण्याला स्वतंत्र ओळख दिली. तुला उताणं झोपवून, हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवून मग डोकं दोन्हीकडे वळवून पाहायला हवं. साधारण 45 अंश वळायला पाहिजे. तुझं उजवीकडे आधीच अडकेल असं मला वाटतं. इतकी वर्षं पेटी वाजवताना मान खाली आणि तोंड गाणाऱ्याकडे. त्या बैठकीत बदल करायला हवा, तो मी करून देईन. पेटी थोडी उंचावर ठेवता येते, बसायची बाजू बदलता येते.

पट्ट्याचं मात्र ऐक. घशाच्या मागे, मणक्यांना लागून लहान लहान स्नायू आहेत. चार-पाच किलोचं डोकं दिवसभर तोलायला तेच मदत करतात. दुखणं आलं की ते ढिले पडतात, मग त्यांचं काम खांद्याचे मोठे स्नायू करू लागतात आणि दगडासारखे होतात. त्यात तू पट्टा बांधून त्या लहानग्यांना उरलीसुरली कामंही ठेवली नाहीस. ऑस्ट्रेलियात ग्वेन जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 रुग्णांवर पाहिलं, 2002 मध्ये छापून आलं: हातांनी सांधे मोकळे करणं आणि या आतल्या स्नायूंचा अगदी हलका व्यायाम, सहा आठवडे. डोकेदुखी कमी झाली आणि तो फरक वर्षभरानंतरही टिकला होता. व्यायाम इतका साधा की तू हसशील. उताणं पडायचं, डोक्याखाली टॉवेलची घडी, ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी आत घ्यायची, डोकं उचलायचं नाही, दहा सेकंद थांबायचं. गळ्याच्या बाजूच्या दोऱ्या ताठल्या तर जोर जास्त झाला. असं दहा वेळा. शेक घे, बरं वाटतं, पण नुसत्या शेकावर आणि मशीनवर महिने काढू नकोस.

परळला केईएममध्ये शिकताना पोलिओची मुलं पाहिली आहेत मी. त्या मुलांच्या हातापायांत जे काही परत यायचं, ते रोज हलवून, रडत-ओरडत यायचं. तेव्हापासून माझं मत बदललेलं नाही. आपल्याकडे दुखलं की घरातला प्रत्येक जण प्रेमाने सांगतो, ‘हलू नकोस.’ आईला मामींनी असंच खाटेवर बसवलं, आठवतं ना? आधी जिना गेला, मग अंगण गेलं, मग संडासापर्यंतचं चालणं. दुखणं त्या मानाने लहान होतं गं. बायकांना विश्रांती मिळत नाही हे खरं, पण जी मिळते ती अशी, सगळं हातातून काढून घेणारी.

आणि गोळ्या? महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिलं की काही महिन्यांत त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. मोजून मला कळव. नंदूलाही बजाव, सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणं आजपासून बंद. क्वचितच होतं, पण त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत.

आता जे लिहायला बसले होते ते. नंदू जाता जाता म्हणाला, ‘आत्याच्या हातून परवा पुन्हा कप पडला.’ मंदा, हे कधीपासून? बोटांत मुंग्या येतात का? चालताना तोल जातो का? वर मी एमआरआयला काही-बाही बोलले, पण बोटं बधिर होत असतील तर गोष्ट वेगळी. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर ते व्यायामाचं काम नाही, आणि तिथे उशीर चालत नाही. अचानक कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखलं, किंवा तापात मान ताठ झाली, तर फोनही करत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

हे पत्र मिळेल त्या दिवशी ब्लाउजचे हूक न बघता लावून पाहा. पूर्वीसारखे पटापट लागतात का, ते मला खरं सांग. अडखळलीस तर व्यायाम सुरू करू नकोस, नंदूला घेऊन त्याच दिवशी न्यूरोसर्जनची वेळ घे. माझ्यासाठी थांबू नका. मी मिळेल त्या गाडीने निघते.

तुझी,
ताई