आईच्या डब्यातील गोळ्या

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी व वृद्ध बांधवांस ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघर जातो. लष्कर, मुरार आणि जुने ग्वाल्हेर असे या शहराचे तीन भाग. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता जाता सकाळ सरून जाते. घरे निराळी, बोलीही निराळी; कोठे मराठी, कोठे हिंदी, कोठे कोंकणी. परंतु म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी एक वस्तू मात्र सर्वत्र सारखीच आढळते, ती म्हणजे औषधांचा डबा. कोणाचा मिठाईचा, कोणाचा बिस्किटांचा, तर एका मराठी आजींचा चक्क पितळी पानाचा डबा. प्रार्थना आटोपली, चहा पुढे आला, की हळूच तो डबा उघडतो आणि प्रश्न येतो, "फादर, ही गोळी कशाची हो? घेऊ की नको?"

आम्ही वैद्य नव्हे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरज्ञान शिकलो. औषधशास्त्राचा एक तासही आमच्या वाट्यास आला नाही. तरीसुद्धा या डब्यासंबंधी चार शब्द लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहो. कारण या बाबतीत आमच्या हातून दोन चुका घडल्या, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट होत्या. त्यांतून आम्हांस जे उमगले ते वाचकांच्या पदरी पडावे, एवढाच हेतू.

पहिली चूक आमच्या मातोश्रींच्या बाबतीत घडली. काही वर्षांपूर्वी त्या वसईहून आमच्याकडे राहावयास आल्या. वय ७८. रक्तदाबासाठी दोन गोळ्या चालू होत्या. एक रक्तवाहिन्या सैल करणारी, दुसरी लघवी अधिक होऊन अंगातील मीठपाणी उतरविणारी. दिवस ज्येष्ठाचे. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांस सांगावयास नको. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि अंगातील पाणी केव्हा आटले ते कळतसुद्धा नाही. अशात आईचे गुडघे धरले. त्यांचे कण्हणे आम्हांस ऐकवेना. आम्ही कोपऱ्यावरील औषधांच्या दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांची पट्टी आणली आणि सकाळ-संध्याकाळ एकेक देऊ लागलो. कोणास विचारावे असे मनातही आले नाही. डोकेदुखीस लोक घेतात तशीच ही गोळी, तीत विचारावयाचे ते काय!

गुडघे खरोखरच मोकळे झाले. आई अंगणातील तुळशीपर्यंत चालू लागल्या आणि आम्हांस धन्यता वाटली. परंतु तिसऱ्या आठवड्यात पाय सुजले, लघवी कमी झाली, आणि एके सकाळी त्यांनी आम्हांस आमच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा मूत्रपिंडांचे काम बरेच मंदावले असल्याचे निष्पन्न झाले. डॉक्टरांनी विचारले, "ही दुखण्याची गोळी कोणी दिली?" आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच आई क्षीण स्वरात म्हणाल्या, "फादरांचा दोष नाही हो, मीच मागून घेतली." त्यांनी काहीच मागितले नव्हते. नऊ दिवसांनी त्या घरी आल्या आणि देवकृपेने मूत्रपिंडेही सावरली. मात्र ते वाक्य आमच्या अंतःकरणात आजही सलते.

डॉक्टरांनी मागाहून सारे नीट उलगडून सांगितले. अंगात पाणी कमी पडते तेव्हा शरीर काही रसायनांच्या साहाय्याने मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा प्रवाह टिकवून धरते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या वेदना थांबवितात त्या नेमकी हीच रसायने अडवून. त्यात रक्तदाबाच्या त्या दोन गोळ्या आणि वर उन्हाळा! तिन्ही गोळ्या आपापल्या ठिकाणी उपकारक खऱ्या, पण एकत्र येऊन त्यांनी मूत्रपिंडास कोंडीत धरले. आणखी एक गोष्ट अशी की, क्रिएटिनिन नावाचा जो पदार्थ रक्तात मोजतात तो स्नायूंतून उत्पन्न होतो. वृद्धाचे स्नायूच झिजलेले असल्यामुळे मूत्रपिंड दुबळे असूनही तो आकडा साधारण दिसू शकतो. म्हणून नुसता आकडा पाहून निश्चिंत होता येत नाही. वय आणि वजनही जमेस धरावे लागते.

याच औषधाची एक हकीकत आपल्या देशात घडलेली आहे. पूर्वी मेलेल्या गुरांवर गिधाडांचे थवे उतरत, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल. १९९० नंतरच्या काही वर्षांत ती झपाट्याने नाहीशी झाली; पांढऱ्या पाठीची गिधाडे तर शंभरातील एकही उरली नाहीत. दुखणाइत गुरांस दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसातून पोटात जाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आणि २००६ साली सरकारने गुरांसाठी त्याच्या वापरास बंदी केली. माणूस गिधाड नव्हे, हे खरे; माणसास ते औषध योग्य मात्रेत अजूनही दिले जाते व द्यावेही लागते. परंतु जे गाईची वेदना शमविते तेच दुसऱ्या देहात विष ठरते, ही गोष्ट विचार करण्याजोगी नव्हे काय?

आता दुसरी चूक. आईच्या दुखण्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. मार्क बिअर्स या अमेरिकन वैद्याने १९९१ साली वृद्धांस शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली, तिची अद्यापि वेळोवेळी सुधारणा होते, हे आम्हांस कळले. २०१८ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी पाहणीही वाचली. ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील १९,११४ वृद्धांपैकी निम्म्यांस रोज अॅस्पिरिनची लहान गोळी दिली, निम्म्यांस तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. या सर्वांस पूर्वी हृदयविकार झालेला नव्हता. सुमारे पावणेपाच वर्षांनी पाहता अॅस्पिरिनने त्यांचे निरोगी आयुष्य वाढले नाही. उलट मोठा रक्तस्राव हजारी २८ जणांऐवजी ३८ जणांस झाला. आम्ही उत्साहाच्या भरात एका रविवारी मिस्सानंतर सभागृहात हे सारे सांगून टाकले.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध बांधवाकडे गेलो. त्यांच्या सूनबाई काळजीच्या सुरात म्हणाल्या, "फादर, बाबांनी ती लहान गोळी बंद केली आहे. तुम्हीच तसे सांगितलेत म्हणतात." आमच्या पायांखालची जमीन सरकली. या गृहस्थांस पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेला होता! ज्याचे हृदय पूर्वी कधी दुखावलेले नाही त्याची गोष्ट वेगळी. ज्यास एकदा झटका आला आहे त्यास दुसरा येऊ नये म्हणून हीच गोळी मोलाची असते. तेथे रक्तस्रावाच्या भयापेक्षा लाभाचे पारडे जड ठरते. हा भेद आम्ही सभागृहात बोललोच नव्हतो. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांस त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. गोळी पुन्हा सुरू झाली. काही विपरीत घडले नाही, पण त्या रात्री आमचा डोळ्यास डोळा लागला नाही.

एकदा आम्ही विचार न करता गोळी दिली, एकदा विचार न करता थांबविली. दोन्ही वेळी हेतू चांगला होता. चांगल्या हेतूस ज्ञानाची आणि चौकशीची जोड नसली तर तो किती अनर्थ करू शकतो, हे आम्ही इतरांस शिकवीत आलो. स्वतः मात्र असे शिकलो.

तेव्हा या डब्याकडे कसे पाहावे? काही साध्या गोष्टी सांगतो. झोपेची अल्प्राझोलामसारखी गोळी म्हाताऱ्या शरीरात फार वेळ रेंगाळते. रात्री लघवीस उठताना तोल जातो, मांडीचे हाड मोडते, आणि अंथरुण कायमचे धरले जाते. परंतु अनेक महिने घेतलेली ही गोळी एकदम सोडणेही घातक. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच उतरवावी लागते. सर्दीच्या साध्या गोळीत क्लोरफेनिरामिन असते. त्याने वृद्धांस भ्रम होतो, लघवी अडते. त्याच गोळीत बहुधा पॅरासिटामॉलही असते, आणि तापासाठी आणखी पॅरासिटामॉल घेतले तर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. गुडघ्यांसाठी आधी पॅरासिटामॉल बरे असे सांगतात, पण तेही मर्यादेतच. अशक्त व किरकोळ बांध्याच्या माणसास ती मर्यादा आणखी खाली येते. आम्लपित्ताची गोळी काहींस अत्यावश्यक असते. विनाकारण वर्षानुवर्षे घेतली तर हाडे ठिसूळ होण्याचा संभव असतो.

मधुमेहाच्या गोळ्यांविषयी एक गोष्ट आमच्या अधिकारातील आहे. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी साठीनंतर योग्य नव्हे, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही नमूद केले आहे. तिने साखर एकाएकी खाली येऊन माणूस बेशुद्ध पडतो. अशी गोळी घेऊन प्रायश्चित्तकाळात उपवास करणाऱ्या आजी आम्ही पाहिल्या आहेत. वडीलधाऱ्यांनो, १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यानुसार ५९ वर्षे पूर्ण झाली की उपवासाचे बंधन उरत नाही, आणि आजाऱ्यास तर ते कोणत्याही वयात नाही. वेळेवर जेवणे हीच तुमची आज्ञाधारकता समजा.

राहिले एकच काम, आणि ते घरातील मुलासुनांनी करावे. तीन-चार महिन्यांतून एकदा डब्यातील सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतावी. आयुर्वेदाची चूर्णे, शेजारणीने दिलेल्या पुड्या, दुकानातून आणलेल्या पट्ट्या, काही वगळू नये. एकच औषध दोन निराळ्या नावांनी दोन डॉक्टरांनी दिलेले कित्येकदा तेथेच सापडते. प्रत्येक गोळीविषयी विचारावे: ही कशासाठी? अजून लागते काय? हिने काय बिघडू शकते? आणि न घेतल्यास काय होईल? हा शेवटचा प्रश्न आम्ही दोन्ही वेळा विसरलो होतो.

आई आता वसईस परतल्या आहेत. दूरध्वनीवर त्या अजूनही गुडघ्यांची तक्रार करतात. आम्ही तेलाने मालीश करा, शेक घ्या, पाणी पीत जा, डॉक्टरांस दाखवा, असे सांगतो. त्या हसून म्हणतात, "गोळी नाही का सांगत, फादर?" आम्ही निरुत्तर होतो. त्यांच्या त्या हसण्यात क्षमा असते, हे मात्र आम्हांस कळते.