विहिरीतला कांदा

नांदगाव खंडेश्वरला आमच्या शेतात विहीर खोदताना मुरमात एक गोटा लागला. खोदणाऱ्या बाबांनी सब्बल घातली तर तो फुटला नाही, सुटला. एकाखाली एक पिवळट पापुद्रे आणि आत मुठीएवढा काळा, टणक गाभा. "गोटा नाई हा, कांदा होय बाप्पा!" म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला. खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळाचे चिरे ज्या काळ्या दगडाचे, तोच हा. भेगांतून पाणी मुरतं, कोपऱ्यांना दोन-तीन बाजूंनी भिडतं, म्हणून कोपरे आधी सडतात आणि चौकोनी दगड जागच्या जागी गोल होतो.

परवा मोबाइलवर नकाशा चाळताना सहारात, मॉरिटानियातल्या वादान गावाजवळ, तोच कांदा दिसला. फक्त रुंदी चाळीसेक किलोमीटर! रिशात म्हणतात त्याला, किंवा सहाराचा डोळा. 1965 साली जेमिनी 4 मधल्या अंतराळवीरांनी त्याचे फोटो काढले. इतका रेखीव गोल म्हटल्यावर उल्का पडली असणार, असं पुष्कळांना वाटे. तसं काही नव्हतं. खालून चढलेल्या शिलारसानं खडकांचे थर घुमटासारखे फुगवले, मग वारापाण्यानं घुमटाचा माथा झिजवत नेला. कठीण क्वार्टझाइटची कडी उभी राहिली, मऊ थर खचून मधे चर पडले. कांदा आडवा कापल्यावर दिसतो तसं.

आपल्या लोणारची गत बरोबर उलटी. 1823 मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्या विवराची नोंद केली. पुढं कितीतरी वर्षं अनेक जाणकार ते ज्वालामुखीचं तोंड समजत. त्यांना तरी काय बोल लावणार? चहूकडे थिजलेला लाव्हाच. तळाशी भोकं पाडून दगड वर काढले, त्यात धडकेच्या दाबानं काचेसारखं झालेलं खनिज सापडलं, आणि 1973 च्या सुमारास उल्केचा निकाल लागला. जवळजवळ 1.8 किलोमीटरचा खड्डा, वरून पडलेला.

लोणारच्या कथेला हा पेच पडलाच नाही. तिथं लवणासुर जमिनीखाली राहतो, विष्णू वरून येतो आणि पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवतो. खालचं खाली, वरचं वर!

तो गोटा मी घरी आणून ओट्यावर ठेवला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचा आणखी एक पापुद्रा सुटला. सकाळी पाहतो तर धाकटीनं तो केरात लोटलेला.