ओलें पोतें

मासळीचा ताजेपणा हा कोंकणी माणसाचा राखीव विषय आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. नांदेड-लातूरकडच्या माणसानें त्यांत तोंड घालूं नये, असेंच आमच्या समुद्रकांठच्या स्नेह्यांना वाटतें. पण गोदावरी नांदेडावरून वाहते, विष्णुपुरीच्या धरणामागें शंकरसागर पसरला आहे, आणि रोहू, कटला, मरळ ही मंडळी आमच्याही पाण्यांत सुखानें नांदते. शिवाय आमच्या वाट्याला मराठवाड्याचें ऊन आलें आहे. तेव्हां या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांलाच अधिक!

गेल्या फाल्गुनांत आम्ही चौघे मित्र लोहा तालुक्यांतील लिंबोटीच्या जलाशयाकांठीं राहुटी ठोकून राहिलों होतों. परतीच्या दिवशीं पहांटे एका वृद्ध भोयाकडून मीं एक रोहू व एक मरळ विकत घेतली. माझी मावशी लातुरास दुखण्यांतून नुकतीच उठली होती, आणि तोंडाची चव गेलेल्या त्या माउलीनें महिन्याभरांत एकच गोष्ट मागितली होती : नदीच्या माशाचें कालवण. पण निघावयास दुपार होणार होती, आणि बरोबर नेलेली बर्फाची पेटी पहिल्या रात्रींच पाण्याची पेटी झाली होती.

"बादलींत पाणी घालून ठेवूं," एक मित्र म्हणाला. म्हातारा हंसला. "बादलींत मासा गुदमरून मरतो बघा, मालक. मरळ तेवढी जगल. तिला वरचा वारा घेतां येतो."

शास्त्रही हेंच सांगतें. पाणी तापलें कीं त्यांतला प्राणवायु कमी होतो. मरळ मात्र हवेंतून श्वास घेते. अंग ओलें राहिलें तर पाण्याबाहेरही ती तासन्‌तास तग धरते. म्हणून म्हाताऱ्यानें तिला ओल्या फडक्यांत तशीच जिवंत गुंडाळली. रोहूला एका घावांत मारून त्याचे कल्ले व आंतडीं काढलीं, कारण नासण्यास सुरुवात तेथूनच होते. मग पोट पुसून घेऊन ओल्या पोत्यांत बांधून तो लिंबाच्या सावलींत, वारा लागेल असा टांगला.

एक ग्रॅम बर्फ वितळतांना सुमारे ८० कॅलरी उष्णता घेतो. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडतांना सुमारे ५८० घेतें. कोंकणच्या दमट हवेंत पोत्याची ही विद्या फारशी चालत नाहीं. आमच्या कोरड्या वाऱ्यांत चालते. अर्थात् कांहीं तासच. रात्र काढावयाची असेल तर फोडलेला बर्फच हवा, माशाच्या वजनाइतका, आणि वितळलेलें पाणी निचरून जाईल अशा पेटींत.

वाटेंत अहमदपुरास थांबून पोत्यावर पुन्हां पाणी शिंपडलें. आमच्यांतला लातूरकर मित्र तांब्या असा कलवीत होता, कीं जणूं पंक्तींत तूप वाढीत आहे. मीं त्याला हंसलों नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें सुमारे ३४० किलोमीटर पाणी वाहून आणलेलें ज्यानें पाहिलें आहे, त्याचा हात असाच चालावयाचा.

मावशीनें रोहू हुंगून पाहिला, बोटानें दाबून पाहिला, आणि मान डोलावली. मग फडकें सोडलें, तों मरळीनें शेपटीचा असा फटका मारला कीं सून किंचाळून मागें सरली. मावशी मात्र पदर खोंचून पाट्यापाशीं बसली. "वाटण मीच करणार," ती म्हणाली, "तुम्हांला खोबरें भाजतां येत नाहीं."