कागदावरचे जंगल, पायाखालचे जंगल

जबलपूर म्हटले की आपल्याला आठवतो भेडाघाट. संगमरवरी कड्यांमधून जाणारी होडी, धुवाँधारचे तुषार आणि मुलांसाठी हटकून घेतलेली दगडी खेळणी. विदर्भातल्या जुन्या मंडळींना सातपुड्यातून डुलत जाणारी नॅरोगेजची गाडीही आठवेल. ती २०१५ साली बंद झाली आणि आता गोंदियाहून ब्रॉडगेजने जाता येते.

पण या शहराची आणखी एक ओळख आहे आणि पर्यटकांच्या ती गावीही नसते. जबलपूर हे जंगल शिकणाऱ्यांचे गाव आहे. पोलीपाथर भागात १९६३ पासून राज्य वनसंशोधन संस्था आहे, तर मंडला रस्त्यावर १९८८ पासून उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्था. भारतीय सर्वेक्षण विभागाचे मध्य प्रदेशासाठीचे नकाशा केंद्रही इथेच आहे. मला उत्सुकता होती एकाच गोष्टीची. जंगलात काम करणारा माणूस आपण कुठे उभे आहोत हे ओळखतो कसा?

वाट दाखवायला भेटले एक निवृत्त वनक्षेत्रपाल. घराणे मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरी सगळी मंडला-जबलपूरच्या जंगलात. मी त्यांना काका म्हणू लागलो. ते म्हणाले, "नकाशा खोलीत बसून शिकता येत नाही. उद्या सकाळी मदनमहालवर या."

टेकडीवरच्या एका सपाट काळ्या दगडावर त्यांनी नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. क्रमांक होता ५५ एम/१६. दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी रेषा उंचीच्या, हिरवा रंग झाडीचा, पिवळा शेतीचा, निळा पाण्याचा. उन्हाळ्यात कोरडे पडणारे नाले मात्र काळ्या रेघेने दाखवलेले. तहानलेल्या वाटसरूला हा फरक माहीत असलेला बरा! गंमत म्हणजे ८० अंश पूर्व रेखांश जबलपूरच्या पूर्व भागातूनच जातो, त्यामुळे इथला नकाशा शहरातच संपतो. रेल्वे स्टेशन एका कागदावर आणि डुमना विमानतळ दुसऱ्यावर, ६४ ए/४ वर. "आमचं काम नेमकं कडेवर निघायचं. दोन्ही कागद खांद्यावर वागवावे लागत," काका हसून म्हणाले.

पहिला धडा नकाशा जमिनीशी जुळवण्याचा. होकायंत्र ठेवायचे आणि कागद फिरवत त्याची उत्तर खऱ्या उत्तरेशी आणायची. मी होकायंत्र हातात घेताच काकांनी बजावले, की कुऱ्हाड लांब ठेवा, जीपच्या बॉनेटवर ठेवून वाचू नका आणि वरून विजेची तार जात असेल तर बाजूला व्हा. लोखंड जवळ असले की सुई खोटे बोलते. आणि चूक लहान दिसली तरी लहान राहत नाही. एका अंशाची चूक एका किलोमीटरला सतरा मीटर बाजूला नेते. पाच अंशांची चूक झाली, की तेवढ्याच अंतरात माणूस सत्याऐंशी मीटर भलतीकडे पोचतो. दाट रानात तेवढ्यात वेगळाच नाला लागतो.

उंचीच्या रेषा म्हणजे समोच्च रेषा. त्यांचे कोडे गृहिणींना चटकन सुटेल. पातेल्यात एक वेडावाकडा बटाटा ठेवा आणि थोडे थोडे पाणी ओतत जा. दर वेळी पाण्याची जी कड बटाट्यावर उमटेल, ती समोच्च रेषा. या नकाशात अशी दर कड वीस मीटरची. रेषा दाटीवाटीने आल्या की कडा, विरळ झाल्या की उतार सोपा. रेषांचे टोक डोंगराच्या चढाकडे वळले असेल तर तो नाला, उताराकडे वळले तर डोंगराची सोंड. सगळे कळल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्ष झाडीत शिरल्यावर अर्धे विसरते!

मग आपली जागा शोधण्याची युक्ती. ओळखीची दोन ठिकाणे निवडायची, म्हणजे एखादे शिखर, एखादे देऊळ. होकायंत्राने त्यांची दिशा घ्यायची. शिखर साठ अंशांवर दिसले तर शिखराकडून आपण दोनशे चाळीस अंशांवर. नकाशावर त्या दिशेने शिखरापासून रेघ ओढायची, दुसऱ्या ठिकाणापासून दुसरी. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपण उभे. तिसरी ओढली तर खात्री पटते.

नकाशांच्या या साऱ्या विद्येचा एक धागा आपल्याही मातीत आहे. भारताची मोजणी दक्षिणेतून उत्तरेकडे नेणारे विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांचे थडगे तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेले आणि नाव शिखराला त्यांचे लागले. हिंगणघाटला थांबणारे मात्र विरळाच.

दुपारी काकांच्या घरी हवाई छायाचित्रांचा धडा झाला. विमान सरळ रेषेत उडत एकामागून एक फोटो घेते. प्रत्येक फोटोतला सुमारे साठ टक्के भाग पुढच्या फोटोत पुन्हा येतो. हा अपव्यय नव्हे. एकाच जागेची दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतलेली चित्रे मिळावीत म्हणून ही योजना. चार पायांच्या छोट्या स्टिरिओस्कोपखाली सरावाची एक जुनी जोडी ठेवून त्यांनी मला वाकायला सांगितले. आधी दोन करड्या चित्रांची नुसती गल्लत दिसली. काकांनी एक फोटो केसभर सरकवला आणि एकदम डोंगर कागदातून वर आला! नाले खोल गेले, झाडे सुटी सुटी उभी राहिली. मी नकळत हात पुढे केला.

झाड कोणते हे वरून कसे कळते? रंगछटा, पोत, सावली, आकार आणि जागा यांवरून. जबलपूर-मंडल्याच्या या पट्ट्यात साग आणि साल शेजारी येतात. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, सालाला मात्र त्याच सुमारास नवी पालवी फुटते. फोटो योग्य महिन्यातला असेल तर दोन्ही जंगले वेगळी दिसतात. पावसाळा संपतानाच्या फोटोत सगळेच हिरवे आणि सगळेच सारखे.

आपल्याकडे वनसंपत्तीच्या मोजणीसाठी १९६५ मध्ये मोठी योजना सुरू झाली. तिच्यातूनच १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था झाली. तिचे मध्य विभागाचे कार्यालय नागपूरला आहे. हवाई छायाचित्रे मात्र फार काळ गोपनीय मानली गेली. ती कपाटातून मोजून निघत आणि मोजून परत जात.

आता उपग्रह आहेत, मोबाइल आहेत. जंगलात आग दिसली की अक्षांश-रेखांशासह संदेश वनरक्षकाच्या खिशात येतो. मग या जुन्या विद्येची गरज काय, असे मी विचारलेच. काका म्हणाले, "मोबाइल सांगतो आग चार किलोमीटरवर. मधला कडा तो सांगत नाही. आणि वारा कुठल्या सोंडेवरून चढेल, तेही नाही."

मग त्यांनी एक फाइल आठवली. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंब वनजमीन कसत असेल तर चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. एका गावात एका म्हाताऱ्याचे शेत राखीव जंगलात अतिक्रमण म्हणून दाखवले गेले होते. कागदोपत्री हद्द होती 'नाल्याने'. पण नकाशावर तिथे दोन नाले एकत्र येत होते आणि पूर्वी कोणीतरी भलता नाला धरला होता.

"पन्नास हजाराच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर," काका म्हणाले. "तशी दोन मिलिमीटर लांब रेघ ओढली, की अर्धा हेक्टर झाकला गेला. सव्वा एकर! तेवढं त्याचं सगळं शेत."

म्हाताऱ्याला बरोबर घेऊन ते मुनाऱ्या-मुनाऱ्याने हद्द चालले. इकडे जंगलाच्या सीमेवरच्या खांबांना मुनारे म्हणतात. दोन मुनारे सापडले, तिसरा वारुळात गाडला गेला होता. मग जुने हवाई छायाचित्र पाहिले. गडद झाडीत एक उजळ चौकोन आणि त्याच्या मधोमध सावलीसकट एक गोल ठिपका. म्हाताऱ्याला कागदातले काही समजेना. पण ठिपक्यावर बोट ठेवताच तो म्हणाला, "हा तर माझा महुआ." शेतातले मोहाचे झाड कोणी तोडत नाही.

"मग जमीन मिळाली?" मी विचारले.

"हद्दीची दुरुस्ती मी लिहून पाठवली. दाव्याची फाइल माझ्या बदलीनंतर पुढे गेली."

उपग्रहाच्या चित्रावरून असे दावे तपासले जातात, पण ते चित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारे नाही, असे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिले आहे. वाडीतल्या माणसाची साक्ष आणि मोहाचे झाड यांनाही तिथे जागा आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या बरगी धरणावर गेलो. काकांनी धरणापूर्वीचा ५५ एन/१३ नकाशा आणला होता. त्यावर नर्मदा एक बारीक निळी पट्टी होती आणि दोन्ही काठांवर गावांची नावे, पाऊलवाटा, देवळे. १९९० च्या सुमारास धरण पुरे झाले. जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतली १६२ गावे बाधित झाली. समोर तर नजर पोचेल तिथवर पाणी.

होडी चालवणारा तिथलाच, मासेमारी करणारा. नकाशा त्याने कुतूहलाने पाहिला, पण वाचता येत नव्हता. त्याचे गाव कुठे होते, असे काकांनी विचारले. त्याने वल्हे थांबवले. डावीकडे एका टेकडीचा माथा बघितला, मागे वळून दुसऱ्या डोंगराची खिंड बघितली. होडी थोडी पुढे नेली, पुन्हा दोन्हीकडे पाहिले आणि वल्हे पाण्यात उभे धरून म्हणाला, "इथं. खाली आमचं अंगण."

काकांनी होकायंत्र काढून दोन्ही दिशा घेतल्या आणि मांडीवरच्या नकाशावर पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या.