कुणी कुणाला ढकललं?

गेल्या पावसाळ्यात मी एक कथा लिहिली. नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे लिहिणं रात्री साडेदहानंतर, इंदिरानगरातल्या आमच्या घराच्या गॅलरीत. कथेत बाप-लेकाची झटापट होती, जेमतेम दीड पानाची. खर्डा एका मित्राला वाचायला दिला. दोन दिवसांनी जॉगिंग ट्रॅकवर भेटला तेव्हा म्हणाला, "भांडण जोरदार आहे रे, पण कुणी कुणाला ढकललं?"

घरी येऊन वाचलं. ‘त्याने त्याचा हात धरला. त्याने तो झटकला. त्याने त्याला ढकललं आणि तो पडला.’ तीन वाक्यांत सात सर्वनामं, आणि त्यातला एक ‘तो’ तर चक्क हात! ऑफिसात कुणी व्हेरिएबलला ‘टेम्प’ नाव दिलं की मी कोड परत पाठवतो. इथे मीच सगळ्यांना ‘टेम्प’ करून ठेवलं होतं.

मग शाळेत कंटाळून पाठ केलेले प्रयोग आठवले. ‘धावला’, ‘धावली’ यात कर्ता क्रियापदातच दिसतो, म्हणजे कर्तरी. तिथे सर्वनाम गाळलं तरी चालतं. ‘त्याने दार उघडलं’ म्हटलं की क्रियापद दाराच्या मागे जातं, ते कर्मणी. आणि ‘त्याने त्याला ढकललं’ हा भावे. क्रियापद कर्त्याचंही ऐकत नाही, कर्माचंही नाही. मारामारीची बहुतेक क्रियापदं भूतकाळात अशीच वागतात. धरलं, ओढलं, मारलं. जिथे माणसं स्पष्ट दिसायला हवीत, नेमकं तिथेच क्रियापद हात वर करतं.

दुसऱ्या खर्ड्यात सर्वनामं काढून ‘थोरला’, ‘तो संतप्त तरुण’, ‘वयस्क गृहस्थ’ असं घातलं. आता खोलीत दोनाच्या जागी पाच माणसं भांडत होती.

तिसऱ्या वेळी साधे उपाय केले. स्वतःचा हात असेल तिथे ‘त्याचा’ऐवजी ‘आपला’. एकाच माणसाच्या सलग हालचाली ‘ऊन’ लावून जोडल्या, म्हणजे ‘उठून, खुर्ची सरकवून दाराकडे गेला’. कर्ता बदलला की सरळ नाव. नाव दोनदा आलं तर वाचक अडखळत नाही. ‘हा कोण?’ म्हणून मागे जावं लागलं की अडखळतो.

तरी एक प्रश्न उरला. बापासाठी ‘त्यांनी’ लिहिलं असतं तर निम्मा गुंता आपोआप सुटला असता. मराठीने ही सोय दिलेलीच आहे. बाबांना मी आयुष्यात कधी ‘तो’ म्हटलेलं नाही. मग कथेत का म्हटलं?

कारण ती झटापट आमच्या घरातली होती. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दादाने न विचारता नोकरी सोडली म्हणून बाबा त्याच्यावर धावून गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. बाबांचं मनगट मोडलं. तेव्हापासून त्या रात्रीचं आमच्या घरातलं वाक्य एकच आहे, ‘बाबा पडले’. आईने डॉक्टरांना तेच सांगितलं, आत्याला तेच सांगितलं. बाबाही तेच सांगतात. वाक्यात खोटं काहीच नाही. फक्त ढकलणारा नाही.

माझा खर्डाही तेच करत होता. ‘तो’, ‘त्याने’, ‘त्याला’ यांच्या गर्दीत मी दादाला लपवलं होतं, आणि दारात नुसता उभा राहिलेला मी तर कथेत नव्हतोच. मित्राला जे कळलं नाही, ते त्याला कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती.

शेवटी लिहिलं, ‘दादाने बाबांना ढकललं.’ तीन शब्द. त्याखाली, ‘मी दारातून हललो नाही.’

कथा अजून कुठे पाठवलेली नाही. दिवाळीला दादा येईल, तेव्हा आधी त्याला वाचायला देणार आहे.