वड्याची गाडी आणि जामीनकीची सही

वाचकहो, एस.टी. स्टँडजवळची वडापावची गाडी तुमच्याही तालुक्याला असेलच. आमच्याकडची माझ्या पुतण्याची आहे. वडा आणि चहा, तिसरं काही नाही. बाजाराच्या दिवशी घाणा निघेपर्यंत माणसं पाव हातात धरून उभी असतात.

गेल्या पंधरवड्यात तो घरी आला. म्हणाला, “काका, कर्ज काढतोय. मोंढ्यात दुसरी गाडी टाकतो आणि पाटीवर डोसा, नूडल्स, शेवपुरी वाढवतो. तुम्ही जामीन राहा.”

मी लगेच हो म्हटलं नाही. असाच एक हॉटेलवाला मी बसताना पाहिलाय. त्याच्या मिसळीसाठी आम्ही वाट वाकडी करून जायचो. मग त्याने पंधरा पदार्थ केले. गिऱ्हाईक तेवढंच, जिनसा पंधरा. म्हणजे प्रत्येक जिन्नस ताटात निवत पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण पुतण्या कसला ऐकतोय! “मॅकडोनल्ड बघा, जगभर दुकानं आहेत!” म्हटलं, बघूच. म्हणून ती हकीगत मी धुंडाळली.

कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो गावी मॅकडोनल्ड बंधूंचं खाण्याचं दुकान होतं. त्यांनी हिशेब पाहिला, तर बहुतेक गल्ला एका हॅम्बर्गरवरच. 1948 साली चालतं दुकान त्यांनी काही महिने बंद ठेवलं, पाटी पुसली आणि नऊच जिनसा ठेवून पुन्हा उघडलं. हॅम्बर्गर 15 सेंटला. आधी गिऱ्हाईक बिचकलं, मग गर्दी हटेना.

पुढचं बटाटा पिकवणाऱ्यांनी नीट ऐकावं. रे क्रॉक नावाच्या माणसाने 1955 साली इलिनॉय राज्यात याच नावाचं दुकान काढलं. सगळं जसंच्या तसं केलं, पण बटाट्याच्या तळलेल्या फोडींना ती चव येईना. शेवटी उमगलं. भाऊ बटाटा जाळीच्या खणांत उघड्यावर ठेवत. वाळवंटी वाऱ्यावर तो सुके आणि त्यातल्या साखरेचा स्टार्च होई. क्रॉकने तळघरात बटाट्यावर पंखा लावला, तेव्हा कुठे जमलं. एका दुकानाला एवढा खटाटोप! दुकानं शेकड्यांनी वाढली, तशी 1960 च्या दशकात पंख्याची गरजच संपू लागली. कारखान्यातून गोठवलेल्या फोडी येऊ लागल्या. सगळीकडे एकसारख्या, हे खरं. पण एकसारख्या म्हणजे पहिल्यासारख्या नव्हेत, असं मला आपलं वाटतं.

पाटीही पुन्हा लांबत गेली. 2015 साली अमेरिकेत सकाळची न्याहारी दिवसभर देऊ लागले. अंडी आणि हॅम्बर्गर एकाच वेळी सांभाळताना स्वयंपाकघराची धांदल. 2020 साली साथ आली, तेव्हा काम सुटसुटीत व्हावं म्हणून पाटी आखडली. दिवसभराची न्याहारी त्यातच गेली.

पुतण्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, पण रोज वडाच खाऊन गिऱ्हाईक कंटाळलं तर?” प्रश्न खोटा नाही. माझ्याकडे त्याला चोख उत्तर नव्हतं. एवढंच म्हटलं, “कंटाळलेलं गिऱ्हाईक दोन दिवसांनी परत येतं, शिळा डोसा खाल्लेलं येत नाही.”

शेवटी दुसऱ्या गाडीच्या कर्जाला मी सही दिली. नूडल्सच्या शेगडीसाठी दिली नाही. सारण दोन्हीकडे वहिनींच्याच हातचं जाणार, असं ठरलंय. त्या मात्र परवापासून फुरंगटून बसल्यात: एवढे बटाटे सोलायचे कुणी, हे कोणी विचारलंच नाही म्हणून.