मार्चमधली प्रार्थना

आमची शाळा मिशनची. नगरची. वर्गात ख्रिस्ती मुलं सहा-सातच, पण सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणायची ती सगळ्यांनी. त्या प्रार्थनेत शेवटाकडे एक मागणी येते, देवानं आपल्याला परीक्षेत आणू नये अशी. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत ती ओळ आम्ही पुटपुटत असू. मार्च लागला की तिथे आवाज असा चढे की व्हरांड्यातली कबुतरं उडत. ही परीक्षा वार्षिक नव्हे, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. मला तर ख्रिस्ती लोकांचा देव फार समजूतदार वाटे. आमच्या घरच्या गणपतीकडे पास कर म्हणून मागायचं. इथे थेट पेपरच रद्द.

यंदा ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात वसईला एका मित्राकडे मुक्काम होता. संध्याकाळी घरातली सगळी माणसं माळ घेऊन बसली. ओळखीची प्रार्थना आली, मीही सवयीनं सूर मिळवला, आणि त्या जागी माझ्या तोंडून ‘परीक्षा’ निघालं तेव्हा बाकीचे ‘मोह’ म्हणत होते. मित्राच्या आईनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटला.

मूळ ग्रीक शब्द ‘पेरास्मोस’. त्यात कसोटीही आहे आणि भुरळही. भाषांतर करणाऱ्याला दोन्ही घेता येत नाहीत. फ्रान्समधल्या कॅथलिकांनी याच ओळीचे शब्द 2017 साली बदलले, इटलीतल्यांनी 2020 साली. देव स्वतःच माणसाला मोहाकडे नेतो की काय, अशी शंका जुन्या शब्दांतून येई. माझं मत ‘परीक्षे’ला. परीक्षेचं निदान वेळापत्रक असतं. मोह म्हटलं की मला पहाटे झाडाखाली पडलेला फुलांचा सडा दिसतो. मोहाची फुलं तोडावी लागत नाहीत, आपोआप गळतात, नुसतं वाकायचं. झाडाचा मोह ‘मधुक’वरून आला, मनातला वेगळ्या धातूवरून, हे ठाऊक आहे. असू दे.

येशूला रानात सैतान भेटला तेव्हाही मला परीक्षेचाच हॉल दिसतो. चाळीस दिवसांचा उपास आणि तीन प्रश्न. दगडाच्या भाकरी कर. मंदिराच्या टोकावरून उडी टाक. मला नमस्कार कर, सगळी राज्यं तुझी. तिन्ही उत्तरं पाठ केलेली, आणि तिन्ही एकाच पुस्तकातली. त्या पुस्तकाचं मराठी बायबलातलं नाव ‘अनुवाद’. अनुवाद म्हणजे आधी सांगितलेलं पुन्हा म्हणणं. स्वतःचं, नवं, चमकदार असं तो काहीच बोलला नाही. सैतानाचंही पाठांतर कच्चं नव्हतं. उडी मारायला सांगताना त्यानं 91वं स्तोत्र म्हणून दाखवलं; फक्त पुढचं, साप पायाखाली तुडवण्याचं कडवं यायच्या आत थांबला.

याच स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरात एक भरदुपारचा सैतान आहे. त्याला खरं ओळखलं ते एवाग्रियसनं. हा चौथ्या शतकातला, काळ्या समुद्राकडच्या पोंटस प्रांतातला. कॉन्स्टँटिनोपलमध्ये डीकन होता, वादात कोणाला हार जात नसे. तिथे तो एका बड्या घरच्या विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला, आणि तीही. पुढची हकिगत त्याचा शिष्य पल्लाडियस सांगतो. एवाग्रियसला स्वप्न पडलं. हातांत बेड्या, समोर शिपाई, आणि मित्राच्या रूपात आलेला एक देवदूत म्हणतो, शहर सोडण्याची शपथ घे, सुटशील. त्यानं शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घेतली. कपडे आवरायला तेवढा एक दिवस मागून घेतला. (हा एक दिवस मला फार आवडतो.) जाग आल्यावर त्याला वाटलं, शपथ स्वप्नातली खरी, पण घेतली तर मीच. आणि गेला. स्वप्नात दिलेलं राज्य जागेपणी सोडणारा हरिश्चंद्र आपल्याला नवा नाही. त्याच्यासारखा आणखी एक निघाला म्हणून मी मनातल्या मनात त्याला आपल्यात घेतलं.

पण हा हरिश्चंद्र कच्चा. जेरुसलेमला पोचल्यावर पुन्हा चांगले कपडे, पुन्हा डळमळ. मग तापानं धरलं, सहा महिने. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा मेलानिया नावाच्या साध्वीनं त्याच्याकडून खरं काय ते काढून घेतलं. तिथून तो इजिप्तच्या वाळवंटात, केलिया इथे, झोपडीत. मोह मागे आले नाहीत असं नाही. एकदा तो कडाक्याच्या थंडीत रात्रभर विहिरीत उघडा उभा राहिला. सगळ्यांत त्रासाचा मात्र तो दुपारचा सैतान. सकाळी दहाच्या सुमारास येतो. सूर्य हलेनासा होतो, दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. संन्यासी खिडकीशी जातो, जेवणाचे तीन वाजायला किती अवकाश ते पाहतो. बाहेर कोणी दिसतंय का पाहतो. आपली इथे कोणाला किंमत नाही, दुसरीकडे काम सोपं असेल, असं त्याला वाटू लागतं. ज्यानं कधी ऑफिसात काम केलंय त्याला यात काही समजावून सांगावं लागणार नाही.

एवाग्रियसनं यावर पुस्तक लिहिलं. आठ प्रकारचे दुष्ट विचार, त्यांचे आठ भाग, आणि प्रत्येक विचार आला की त्याच्या तोंडावर म्हणायचं शास्त्रातलं एकेक वचन. जवळजवळ पाचशे. पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘उलट उत्तर’. आमच्याकडे उलट उत्तर दिलं की कानाखाली बसे. इथे धर्मच ते पाठ करायला सांगतो. 553 साली चर्चनं या मेलेल्या माणसाला पाखंडी ठरवलं. पुस्तकाची ग्रीक प्रत गेली, सिरियाक भाषेतली उरली. सात महापापांची जी यादी सगळ्यांना ठाऊक आहे, ती त्याच्या आठांतूनच घडत आली. नाव मात्र त्याचं कोणी घेत नाही.

मित्राची आई राखेच्या बुधवारपासून मिसरी सोडते. डबी टाकून देत नाही. ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी, तिथेच. दुपारी जेवणं झाली, भांडी पडली, की तिचा हात आपोआप तिकडे जातो. मी पाहिलं तेव्हा बोटं झाकणावर होती. ओठ हलले, काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. हात मिठाच्या बरणीवर गेला आणि तिनं उगाच झाकण घट्ट केलं.

“मावशी, डबी नजरेआड का नाही ठेवत?”

“मग सोडली काय?” ती म्हणाली.

ईस्टरला पहाटेची मिस्सा करून आली की चपला काढायच्या आधी ती डबी उघडते, असं मित्र सांगतो. त्या दिवशी चहासुद्धा नंतर.